माळ संपते, राग सुरू होतो

पत्र : "वय ४७. गेले आठ महिने रोज पहाटे 'अहं ब्रह्मास्मि' १०८ वेळा म्हणते. माळ खाली ठेवली की पंधरा मिनिटांत मुलावर ओरडलेली असते. मग वाटतं, ब्रह्म असं असतं का? स्वतःशीच खोटं बोलतेय का मी? घरात दीर आहेत. ते म्हणतात, सगळं ब्रह्मच आहे तर पाप कसलं नि पुण्य कसलं, आणि देवपूजा म्हणजे निव्वळ अडाणीपणा. मी पूजा सोडलेली नाही, पण आता फूल वाहताना हात अडखळतो. तिसरी गोष्ट जास्त टोचते. सख्ख्या भावानं 'नोंदी दुरुस्त करायच्यात' असं सांगून हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. मी दावा लावलाय. पण त्याच्यातही देव आहे असं रोज वाचायचं आणि कोर्टात त्याच्याविरुद्ध उभं राहायचं, हे मनाला पटत नाही. दावा मागे घेऊ का?"

उत्तर :

ताई, खोटं बोलल्यासारखं वाटतं ते योग्यच आहे. ज्या 'मी'ला मनात धरून तुम्ही ते वाक्य म्हणता, म्हणजे ४७ वर्षांची, कोणाची तरी आई, कोणाची तरी बहीण, जरा चिडकी, तो 'मी' ब्रह्म आहे असं कुठल्याच उपनिषदानं म्हटलेलं नाही. वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याचा शोध घ्यायच्या आधीच तुम्ही त्याच्या नावानं माळ ओढायला घेतलीत. उपनिषदांतला क्रम याच्या उलट आहे. आधी वजाबाकी, मग वाक्य.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय काढून बघा. श्वेतकेतू १२ व्या वर्षी शिकायला गेला आणि २४ व्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ्यानं परत आला. वडील उद्दालक आरुणी त्याला 'तत्त्वमसि', ते तू आहेस, हे नऊ वेळा सांगतात. पण नुसतं वाक्य एकदाही सांगत नाहीत; आधी काहीतरी उलगडून दाखवतात. वडाचं फळ आण, फोड, आतलं बी फोड. काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे. रात्री पाण्यात मीठ टाक, सकाळी ते काढून दे. सापडत नाही? मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळचं चाख. एवढं झाल्यावर मग 'ते तू आहेस'. श्वेतकेतूनं हे वाक्य घोकलेलं नाही. तो दर वेळी म्हणतो, 'पुन्हा समजावून सांगा.' १०८ हा जपाचा आकडा आहे. महावाक्य, म्हणजे 'अहं ब्रह्मास्मि', 'तत्त्वमसि' यांसारखं जीव आणि ब्रह्म एकच असं सांगणारं उपनिषदातलं वाक्य, हे मुळात समजून घेण्याचं विधान आहे. ते जपासारखं वापरलं की तुमचं झालं तसंच होतं. जीभ एक म्हणते, मन म्हणतं 'हे काही खरं नाही', आणि आठ महिने दोघांची रस्सीखेच चालते.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला क्रम सांगून टाकतात : श्रोतव्य, मन्तव्य, निदिध्यासितव्य. आधी नीट ऐकायचं, मग शंका काढून विचार करायचा, आणि शंका संपल्या की त्यात मन मुरवायचं. तुम्ही थेट तिसऱ्या पायरीवर बसलात. शंका आता येताहेत, म्हणजे खरं मनन आत्ता सुरू झालंय.

आता वाक्य वाचायचं कसं ते बघू. वेदान्ती यासाठी 'तो हा देवदत्त' असं उदाहरण देतात. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला काळ्या केसांचा देवदत्त आणि आज समोर बसलेला टकलू देवदत्त एकच, असं आपण म्हणतो तेव्हा गाव, काळ, केस हे सगळं आपोआप गाळतो आणि माणूस तेवढा ठेवतो. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. 'तत्त्वमसि'मध्ये दोन्ही बाजूंनी गाळायचं असतं. 'तू'मधून देह, राग, आठवणी, अपुरं ज्ञान गाळा. 'ते'मधून जग निर्माण करणं, सर्वज्ञपणा, सर्व सत्ता गाळा. दोन्हीकडे जाणीव तेवढी उरते, आणि ती एकच आहे असं वाक्य सांगतं. विश्व तुम्ही चालवता असं ते म्हणत नाही. तुमचा राग ब्रह्म आहे असंही म्हणत नाही.

तुमचे दीर नेमकं हे गाळणं विसरतात. त्यांच्यासाठी त्याच छांदोग्याचा आठवा अध्याय आहे. आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे ३२ वर्षं राहतात. प्रजापती त्यांना पाण्याच्या भांड्यात बघायला लावतो. नटून, दागिने घालून पुन्हा बघायला लावतो. दोघांनाही स्वतःचं रूप दिसतं, दोघंही समाधानानं निघतात. विरोचन घरी जाऊन जाहीर करतो : हा देहच आत्मा, याचीच पूजा करा. इंद्र मात्र अर्ध्या वाटेत थबकतो. देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होणार की! तो परत येतो, पुन्हा ३२ वर्षं, पुन्हा ३२, मग आणखी ५. एकूण १०१. म्हणजे एकाच गुरूचं एकच वाक्य ऐकून एक असुरांचा तत्त्वज्ञ झाला आणि दुसरा साधक राहिला. फरक एवढाच की दुसऱ्यानं मिळालेल्या उत्तरावर शंका घेतली.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात तर 'ईश्वरोऽहम्', मीच ईश्वर, हे शब्दच आसुरी माणसाच्या तोंडी घातलेत. त्याला लागूनच येतं 'अहं भोगी', आणि मग सिद्ध, बलवान, सुखी, धनवान, कुलीन. याच यादीवरून माणूस ओळखायचा. 'मी'ला काही चिकटवत गेलो की असुर, 'मी'वरचं काही सोलत गेलो की साधक. आणि पाप-पुण्य उरत नाही म्हणणाऱ्यांना शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी फटकावून ठेवलंय : अद्वैत, म्हणजे जीव आणि ब्रह्म दोन नाहीत हे, कळलेला माणूस जर वाटेल तसं वागू लागला, तर अशुद्ध खाण्याच्या बाबतीत तत्त्वज्ञानी आणि कुत्रा यांत फरक काय राहिला? हे दिरांना ऐकवायची गरज नाही. घरातले वाद श्लोकांनी मिटत नाहीत. तुमचा हात अडखळू नये म्हणून सांगितलं.

माळ आता बाजूला ठेवा आणि तो वेळ असा वापरा. २० मिनिटं पुरतात.

पहिली ५ मिनिटं श्वास. श्वास आत येताना मनात 'सो', बाहेर जाताना 'हं'. 'सोऽहम्' म्हणजे 'तो मी'. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाला २१,६०० होतात. म्हणून परंपरा याला आपोआप चालणारा, अजपा जप म्हणते. इथे नेहमी होणारी चूक अशी की माणूस शब्दाच्या लयीत श्वास ओढायला लागतो. मग छाती भरून येते, डोकं हलकं होतं आणि त्यालाच अनुभव समजलं जातं. श्वास त्याच्या गतीनं चालू द्या, शब्द त्याच्या मागून जाऊ दे. शब्द सुटला तरी चालेल.

पुढची १० मिनिटं दृक्-दृश्य विवेक, म्हणजे पाहणारा आणि पाहिलं जाणारं वेगळं काढणं. याच्या तीन पायऱ्या, क्रम बदलायचा नाही. पहिली : समोर एक वस्तू ठेवा. वस्तू दिसते, डोळा पाहतो. वस्तू बदलल्या तरी डोळा तोच. म्हणून डोळा वस्तूहून वेगळा. दुसरी : डोळे मिटा. आज डोळा चुरचुरतो की स्वच्छ आहे, नजर कमी झालीय का, हे कोणाला कळतं? मनाला. म्हणजे आता डोळाही पाहिला जाणारा झाला. तिसरी : मन आत्ता शांत आहे की भावाच्या आठवणीनं तापलंय, हेही कळतंय. कोणाला? इथे उत्तर शब्दात देऊ नका. ज्याला कळतं त्याला पाहायला गेलात तर जे दिसेल ते पुन्हा 'पाहिलं जाणारं'च असेल. उपनिषद इथे 'नेति नेति' म्हणतं ते याचसाठी : हे नव्हे, हेही नव्हे. त्या कळण्यात नुसतं बसून राहायचं. सुरुवातीला चार-पाच सेकंद जमतं, मग मन निसटतं. निसटलं की दुसऱ्या पायरीवर परत या, पहिल्यापासून सुरू करू नका.

शेवटची ५ मिनिटं वाचन, आणि तेही एकाच मंत्राचं किंवा श्लोकाचं, अर्थासह, निदान आठवडाभर तेच. मांडूक्य उपनिषद घ्या. अवघे १२ मंत्र आहेत, आणि जागृती, स्वप्न, गाढ झोप या तिन्ही अवस्थांना व्यापून असणाऱ्या 'तुरीया'चा विचार त्यात आहे. 'अयमात्मा ब्रह्म' हे महावाक्य त्यातल्याच दुसऱ्या मंत्रात येतं.

यात चार ठिकाणी गाडी अडते, आणि मांडूक्यावरच्या कारिकांमध्ये, म्हणजे श्लोकांतल्या विवरणात, गौडपादाचार्यांनी ती चारही टिपून ठेवलीयत. लय, म्हणजे पेंग येणं : तेव्हा डोळे उघडा, ताठ बसा, मनाला जागं करा, पहाटे झोप अपुरी होत असेल तर वेळ बदला, पहाटेचा हट्ट नको. विक्षेप, मनाचं भटकणं : ओढून आणू नका, श्वासावर परत ठेवा. कषाय : मन भटकतही नाही, झोपतही नाही, आतल्या आत जड होऊन बसतं, कारण तळाशी जुना राग साचलेला असतो. तुमच्या पत्रावरून वाटतं, तुमची अडचण ही आहे. इथे कारिका एकच शब्द सांगते : 'विजानीयात्', ओळखून घ्या. हा भावाचा राग आहे, असं मनात नाव द्या. तो घालवायच्या मागे लागू नका, त्याला ब्रह्म म्हणून झाकूही नका. चौथा रसास्वाद : कधीतरी फार सुंदर शांत वाटतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस त्याचीच वाट बघत बसतो. तीही चवच. ती चाखत बसू नये, असं ते म्हणतात.

आता मुलावरच्या ओरडण्याचं. साधनेनं राग येणंच बंद होईल ही अपेक्षा गीताही ठेवत नाही. पाचव्या अध्यायात शब्द आहे 'वेग' : कामक्रोधाचा वेग जो इथेच, देह सुटण्यापूर्वी, सोसू शकतो तो योगी. वेग येणार हे गृहीतच धरलंय. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण दिलेत, अभय पहिला आणि नातिमानिता, म्हणजे फार मोठेपणा न मिरवणं, शेवटचा. लोक त्यातला 'अक्रोध' पहिल्यांदा उचलतात आणि आठवड्यात हरतात, कारण राग आपल्याला विचारून येत नाही. तुम्ही दोन असे घ्या जे जिभेच्या ताब्यात आहेत : 'अपैशुन', पाठीमागे कुणाची उणी काढायची नाहीत, आणि 'मार्दव', बोलण्यातला मऊपणा. एक महिना रोज रात्री वहीत फक्त आकडा लिहा, आज किती वेळा मोडलं. कारणं लिहू नका. कारणं लिहिली की वही वकिलासारखी आपली बाजू मांडायला लागते. आणि साधना संपताच मुलाच्या खोलीत जाऊ नका. डोळे मिटून शांत बसल्यावर आवाज, पसारा, उशीर जास्तच खुपतो. त्यात नवल काही नाही. मध्ये दहा मिनिटं हातानं करायचं एखादं काम ठेवा.

पूजा सोडायची का? अजिबात नाही. मारुतीच्या तोंडी घातलेला एक जुना श्लोक आहे : 'देहबुद्ध्या तु दासोऽहं जीवबुद्ध्या त्वदंशकः, आत्मबुद्ध्या त्वमेवाहम्.' देह म्हणून पाहिलं तर मी तुझा दास, जीव म्हणून पाहिलं तर तुझा अंश, आत्मा म्हणून पाहिलं तर तूच मी. एकाच माणसाची ही तिन्ही नाती एकाच वेळी खरी असू शकतात. शिवाय 'आत देव आहे' याचा अर्थ सगळे आचार्य एकसारखा लावत नाहीत. शंकराचार्य जीव आणि ब्रह्म एकच मानतात. रामानुजाचार्य म्हणतात, जीव हा देवाचं शरीर आणि देव त्याच्या आतला अंतर्यामी. जवळीक संपूर्ण, तरी दोघं एक नव्हेत. मध्वाचार्य तर जीव आणि ईश्वर यांतला भेद कायमचा मानतात, आणि 'तत्त्वमसि'च्या जागी 'अतत्त्वमसि', ते तू नाहीस, असं पद तोडून दाखवतात. तुमचा स्वभाव भक्तीचा दिसतो. 'मी ब्रह्म' घशात अडकत असेल तर गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं 'ममैवांशः', जीव हा माझाच अंश, हे धरून चाला. ते कमी दर्जाचं नाही. मात्र पूजेबद्दल एक इशारा भागवतात आहे, आणि तो दिरांच्या टोमण्यापेक्षा जास्त बोचरा आहे. विष्णूचा अवतार मानलेले कपिल मुनी आईला, देवहूतीला, सांगतात : सर्व भूतांत असलेल्या माझी उपेक्षा करून जो मूर्ती पुजतो, तो राखेत आहुती देतो. मग काय करायचं तेही लगेच सांगतात : दान, मान, मैत्री आणि भेद न करणारी नजर. फूल वाहताना हात अडखळायचं कारण नाही. मुलावर ओरडून आल्यावर जरूर अडखळू दे.

ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायातली ओवी तुम्हाला पाठच असेल : 'जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत.' त्यातला 'भेटे' हा शब्द सहज निसटतो. मनात आणलेली सगळी मानवजात नव्हे, जो समोर भेटला तो. या शिकवणीची लाज तिथेच गेलेली आहे. सर्वांत एकच ब्रह्म असं सांगणाऱ्यांनीच माणसांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. ब्रह्म आहे, पण त्याचा उपयोग काय झाला, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. लोकशाहीला याहून भक्कम पाया शोधून सापडणार नाही, तरी त्यातून समाज का उभा राहिला नाही, असा त्यांचा रोख होता. हा प्रश्न ज्याला टोचत नाही त्यानं महावाक्यावर बोलू नये, असं माझं मत आहे.

राहिला भाऊ. दावा मागे घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नकोच.

ईशावास्य उपनिषद सांगतं की जो सर्व भूतांत आत्मा पाहतो तो 'न विजुगुप्सते', कोणाचीही घृणा करत नाही. जे सोडायला सांगितलंय ती घृणा आहे. हक्क सोडायला सांगितलेलं नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात भक्तांच्या तीन पायऱ्या आहेत : फक्त मूर्तीत देव पाहणारा, मधला, आणि सर्वत्र पाहणारा उत्तम. मधल्या भक्तानं कसं वागावं तेही दिलंय. ईश्वरावर प्रेम, भक्तांशी मैत्री, अजाणावर कृपा, आणि जो वैर करतो त्याची उपेक्षा. उपेक्षा म्हणजे अंतर ठेवणं. तुम्ही-आम्ही मधल्या पायरीवर असलो तरी खूप झालं. तिथे अंतर ठेवायला परवानगी आहे. आणि गीतेत 'आत्मौपम्येन', स्वतःवरून दुसऱ्याचं सुखदुःख ओळखावं, असं म्हटलंय. त्या मापात तुम्ही स्वतःही आलात. भावातल्या देवाला जपण्यासाठी तुमच्यातल्या देवावर अन्याय होऊ द्यावा, असं कुठेही सांगितलेलं नाही. ईश्वर सर्वांच्या हृदयात आहे हे ज्यानं अठराव्या अध्यायात सांगितलं, त्यानंच अर्जुनाला युद्ध सोडू दिलं नव्हतं.

पण दावा कसा चालवायचा, तिथे तुमची साधना दिसेल. वकिलाला द्यायचं टिपण आज रात्री काढा आणि त्यातली विशेषणं खोडा. 'लबाड', 'कृतघ्न', 'लहानपणापासूनच असा' हे सगळं जाईल. उरेल ते असं : कोणत्या तारखेला, कुठे, कोणता कागद, तो काय म्हणाला, कोण हजर होतं. कोर्टालाही हेच लागतं. नातेवाइकांत त्याच्याबद्दल बोलायचं नाही. वहीतलं अपैशुन इथेच कसाला लागेल. त्याच्या घरी आजारपण आलं तर विचारपूस करा, पण त्या विचारपुशीत दाव्याचा विषय आणू नका, त्यानं आणला तर 'ते वकिलांकडून' एवढंच म्हणा. तडजोडीची बोलणी आली तर वाटणी न्याय्य आहे का, एवढंच बघा. ब्रह्म मध्ये आणू नका. तोही आणेल, बहुधा डोळ्यांत पाणी आणून.

एक सूचना राहिली. साक्षीचा, म्हणजे त्या नुसत्या 'पाहणाऱ्या'चा, अभ्यास करताना काहींना आपण आपल्यापासून तुटलोय, हात आपले नाहीत, मुलाचं रडणं लांबून ऐकू येतंय असं वाटायला लागतं. हे तुरीय नव्हे. साक्षीपणात माया आटत नाही. असं दोन-चार दिवस टिकलं, किंवा झोप आणि भूक उडाली, तर दृक्-दृश्य विवेक थांबवा, पूजा आणि वाचन चालू ठेवा, आणि डॉक्टरांना दाखवा. भावाच्या प्रकरणानं तुम्हाला जेवढं दुखावलंय, त्यात हे होणं अगदीच अशक्य नाही.